डोक्याकडची दोरी

बेलामावशी फलाटावर उभी राहून गाडीची काच बाहेरून पुसत होती. रुमालाला थुंकी लावून. काळा कोट, काळी टोपी, हातात मयतीचे काळे मोजे, आणि त्या मोज्यांवर सगळा काचेचा चिखल.

"अगं मावशी, गाडी सुटेल. आणि आज कुणासाठी पुसतेयस?"

तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल. तिच्या बाबतीत ते कधीच कळायचं नाही.

टीसी दारात उभा होता. टॅम त्याचं नाव. ही लाईन त्याचीच, त्यामुळे दर गुरुवारी मावशीला तो बघायचा. तिच्या कानाशी वाकून तो ओरडला, "अहो रॅट्रेबाई, एवढं घासताय तर माझ्या घरच्या खिडक्यापण करा की! बायको खूश होईल."

"तुझ्या घरी यायचं म्हणजे त्या बायकोचं तोंड बघावं लागेल," मावशी म्हणाली. "त्यापेक्षा चिखल बरा."

टॅम पोट धरून हसला. "मैत्रिणीला नमस्कार सांगा माझा. आणि म्हणावं, मागच्या खेपेला पेपरमिंटची गोळी दिली नाहीस, टॅम रुसलाय."

मी तोंड उघडलं. म्हणणार होते की बाबा, ती मैत्रीण सोमवारी गेली आणि आम्ही तिला पुरायलाच चाललोय. तेवढ्यात मावशीच्या बुटाची टाच माझ्या बोटांवर आली.

"सांगते," ती टॅमला म्हणाली, आणि आत चढली.

सीटांच्या पाठींवरून हात फिरवत ती तिच्या जागेपाशी गेली. ठरलेली जागा, खिडकीची. मी समोर बसले. बोटं ठणकत होती. "काय गं, सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"त्याचा दिवस कशाला खराब करायचा? आणि त्याच्या डोक्यात ती आहे अजून, तर राहू दे की एकाच्या तरी."

डंडी ते पर्थ म्हणजे काय, चहा गार व्हायच्या आत माणूस पोचतं. लोक फोनमधून मान वर काढत नाहीत तोवर गाव येतं. पण बेलामावशी या एवढ्याशा प्रवासासाठी बुधवारी रात्री केस धुवायची. आठवड्यात तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आमचं नातं रक्ताचं नाही, जिन्याचं आहे. ती खाली, आम्ही वर. माझी आई रात्रपाळीला असायची आणि मी मावशीच्या स्वयंपाकघरात जेवायचे. सोळावं लागायच्या आधीच मी शाळेत जायचं बंद केलं तेव्हा जो तो मला अक्कल शिकवायला आला. मावशी म्हणाली, "मी पंधराव्या वर्षी सोडली. मला गिरणी होती. तुला काय आहे ते आधी बघू." आणि मला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या बेकरीत घेऊन गेली, मालकासमोर उभी केली आणि म्हणाली, "ही तोंडाळ आहे, पण चोर नाही." मी अजून तिथंच आहे. पहाटे ब्रायड्या भरते, खिमा-कांद्याच्या, करंजीसारख्या, पण हातभर मोठ्या. त्या दिवसापासून मावशीविरुद्ध कुणी ब्र काढला तर मी ऐकून घेत नाही. कुणीही असो.

ती तागाच्या गिरणीत विणणारी होती. कातणारी नाही हं, विणणारी. विणणाऱ्या बायका टोपी-हातमोजे घालून कामावर जायच्या आणि कातणाऱ्यांकडे नाक वर करून बघायच्या. गिरणी बंद होऊन जमाना झाला, तरी मावशीला कुणाचा राग आला की ती म्हणायची, "कातणारी कुठली!" टीव्हीवरच्या मंत्र्यालासुद्धा.

मागांचा आवाज इतका, की शेजारचीनं कानात किंचाळलं तरी ऐकू यायचं नाही. त्यामुळे सगळ्या बायका ओठांवर बोलायच्या. आवाज नाहीच, नुसते ओठ हलवायचे आणि थोडे हातवारे. मावशीच्या शेजारच्या मागावर नेट्टा. वर्षानुवर्षं दोघी दिवसभर बोलायच्या आणि तोंडातून हूं की चूं नाही. नेट्टानं लग्न केलं, मुलगा झाला, नवरा गेला. मावशीनं काहीच केलं नाही. गिरणीनं तिचे कान तेवढे खाल्ले.

मग नेट्टाचं कंबरेचं हाड मोडलं आणि मुलगा ग्रेम तिला पर्थला घेऊन गेला. मावशीचे गुरुवार सुरू झाले ते तेव्हापासून. जायचं, ग्रेमच्या दिवाणखान्यात बसायचं, चहा प्यायचा, थंडीवाऱ्याचं बोलायचं. सूनबाई बशा उचलत घिरट्या घालायची ना, मग दुसरं काय बोलणार? खरं बोलणं स्टेशनावर. नेट्टा चाकांचा वॉकर ढकलत यायची; मावशी येताना फलाटावरच्या बाकावर वाट बघत बसलेली, जाताना सोडायला. मावशी आत बसायची, नेट्टा फलाटावर, मध्ये बंद काच. गाडी सुटेपर्यंत दोघी ओठांवर बोलायच्या. म्हणून जाता-येता ती काच पुसणं.

शेवटच्या गुरुवारी मी बरोबर होते, बेकरीला सुट्टी होती म्हणून. नेट्टा काचेपलीकडे बराच वेळ बोलत होती. एकदा तिनं बोट काचेवर टेकवलं, मग स्वतःच्या छातीवर. मावशी मान हलवत होती. गाडी निघाल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती?" मावशी म्हणाली, "नेहमीचंच."

त्यानंतरच्या सोमवारी नेट्टा झोपेतच गेली.

आता दोरीचं. आमच्याकडे पेटी खड्ड्यात सोडताना आठ दोऱ्या असतात. कुठली कुणी धरायची ते घरचे ठरवतात आणि ज्याला त्याला नंबराचं कार्ड येतं. एक नंबर डोक्याकडचा. तो सगळ्यात जवळच्याचा. कार्ड आलं तर तू त्या माणसाचा. नाही आलं तर मागं उभा राहा आणि नंतर हॉलमध्ये सँडविच खा. जुन्या लोकांत बायकांना दोरी देतच नाहीत. आजोबा गेले तेव्हा आजीनं झाडाखालून बघितलं होतं. आता देतात बरेच जण. पण ग्रेमचं घर जुन्या वळणाचं.

मावशी कार्डाची वाट बघत होती. टपालाची झडप वाजली की ती उठायची. विजेचं बिल आलं, कानाच्या यंत्रवाल्यांचं पत्र आलं, कार्ड आलं नाही. शेवटी मीच ग्रेमला फोन लावला. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "आठही देऊन झाल्यात. मावशींना म्हणावं, नंतर चहाला नक्की या."

मी फोन ठेवला आणि मावशीला सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "नेट्टानं मला सांगितलंय. काचेतून. म्हणाली, माझी डोक्याकडची तू धर, बेला. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

"मग तेव्हा 'नेहमीचंच' का म्हणालीस?"

"तुला काय करायचं होतं तेव्हा?"

बरोबर होतं. माझा काय संबंध? मी तिचा काळा कोट इस्त्री करून ठेवला.

गाडी नदीकाठानं चालली होती. मावशी खिडकीकडे तोंड करून होती, पण नीट बाहेर बघत नव्हती. मान कोंबडीसारखी तिरकी. हल्ली ती माणसाकडेही तशीच बघायची. मी समोर बसून बोलले की ती माझ्या कानाकडे बघायची. मला वाटायचं, विणणारीचा तोरा.

"नदी कशी आहे गं आज?" तिनं विचारलं.

"पाण्यासारखी."

"कातणारी कुठली. नीट सांग."

"राखाडी. ओहोटी आहे, चिखल वर आलाय. लव्हाळं सगळं पिवळं पडलंय. आणि त्या बाजूला बदकं... नाही, हंसासारखे ते, करड्या रंगाचे. शेतात उतरलेत. शंभर तरी असतील."

"त्यांना नेट्टा बाया म्हणायची. रांगेनं येतात आणि एकसारख्या बडबडतात म्हणून." ती हसली. मग हसू गेलं. "तो नाही म्हणाला तर?"

"कोण?"

"ग्रेम. तो तोंडावर नाही म्हणाला तर मी काय करायचं? मागं उभं राहायचं? आणि ती खाली जाताना माझे हात कुठं ठेवायचे?"

तिचे हात मांडीवर होते, मोज्यांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, धागा तपासल्यासारखी.

"नाही कसा म्हणेल?" मी म्हणाले. "मी आहे ना."

"त्याचंच भ्या वाटतंय," ती म्हणाली.

पर्थच्या अलीकडे पुलापाशी गाडी थांबते. एकच रूळ आहे, समोरची गाडी जायची वाट बघावी लागते. गाडीत एकदम शांत झालं. मागं कुणीतरी चिप्स खात होतं तेवढंच. मावशीनं टोपी सरळ केली, ओठांना लाल रंग लावला. रंग थोडा बाहेर गेला. मी अंगठ्यानं पुसला. तिनं चेहरा पुढं केला.

मग पूल, मग फलाटाचं वळण. आणि मावशीचा हात वर गेला. सवयीनं. काचेला टेकला आणि तिथंच राहिला.

"बाकावर कोण आहे?"

"कुणी नाही. एक माणूस आहे. झोपलाय."

तिनं हात खाली घेतला.

चर्चच्या दारात ग्रेम उभा होता. उंच, टक्कल, रात्रभर झोपला नसावा. प्रत्येकाशी हात मिळवत होता. मावशीचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला. "आलात, बरं वाटलं. पुढं बसा हं, तिथं हीटर आहे."

मावशी एकदम बोलली. मोठ्यानं. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. "ग्रेम, मला डोक्याकडची दोरी पाहिजे. तुझ्या आईनं सांगितलंय."

दारातले सगळे वळले. ग्रेमचे कान लाल झाले. "मावशी, इथं नको. सगळं ठरलंय. एक नंबर मुलाचा असतो. माझा."

"तिनं मला सांगितलंय."

"कधी? मला तर कधी बोलली नाही. दवाखान्यात मी होतो, घरी मी होतो..."

"काचेतून," मावशी म्हणाली. "शेवटच्या गुरुवारी."

ग्रेमच्या मागं उभ्या असलेल्या एका माणसानं शेजारच्याकडे बघून भुवया उडवल्या. नेट्टाच्या नवऱ्याकडचा कुणीतरी असावा, खिशातून कार्डाचं टोक दिसत होतं. बस. माझं डोकं फिरलं.

"ओ ग्रेमसाहेब, मी होते तिथं! तुमची आई बोलली आणि हिनं मान हलवली, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि हे खिशात कार्ड घालून आलेले, हे शेवटचे कधी आले होते तिला भेटायला? ही दर गुरुवारी यायची. पावसात, बर्फात. गाडी बंद असली की बसनं. तुमच्या घरी तिला त्याच-त्याच खुर्चीत बसवायचे, दाराशेजारच्या, वारा लागतो तिथं. ती कधी बोलली नाही. मी बोलते. ही विणणारी आहे, मागून खाणारी नाही!"

"पोरी, पुरे," मावशी म्हणाली. ऐकू आलं असावं.

ग्रेम माझ्याकडे बघतच नव्हता. मावशीकडे बघत होता. हळूच म्हणाला, "मी लहान असताना तुम्ही दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसायचात. माझ्या डोक्यावरून बोलायचात. आवाज नाही. मध्येच हसायचात. मी विचारायचो, काय झालं? आई म्हणायची, काही नाही. मला एक शब्द कधी कळला नाही."

आणि आत निघून गेला.

पाद्री लांबलचक बोलला. नेट्टाला ओळखत नव्हता हे कुणालाही कळलं असतं, तिला 'शांत स्वभावाची' म्हणाला. मावशीला ऐकू येत नव्हतं हेच बरं.

दफनभूमी टेकडावर आहे. गवत ओलं, वारा बोचरा. पेटीच्या बाजूंना दोऱ्यांची गुंडाळी करून ठेवली होती, टोकाला गोंडे. मयतीची व्यवस्था बघणारा बिस्ट नावाचा माणूस टोपी काखेत धरून नंबर वाचायला लागला.

"एक नंबर."

कुणी हललं नाही. बिस्टनं पुन्हा म्हटलं. मग ग्रेम निघाला, पण पेटीकडे नाही. माणसांच्या कडेनं वळसा घालून आमच्याकडे आला, मागं, झाडापाशी. त्यानं मावशीचा दंड धरला आणि तिला पुढं नेली. मी दोन पावलं गेले आणि थांबले. माझं काम नव्हतं ते.

गोंडा त्यानं उचलला आणि तिच्या पुढं केला. तिनं हात पुढं केला तो भलत्याच बाजूला. त्यानं तिचा हात धरून आणला, तळव्यात दोरी ठेवली, आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

"धर, मावशी," तो म्हणाला. "तुझी आहे."

मग तो बाजूला झाला. बाकीचे सात पुरुष आले, तो भुवया उडवणारासुद्धा. ग्रेम मोकळ्या हातांनी उभा होता. आधी खिशात घातले, मग बाहेर काढले, मग पाठीमागं धरले. त्याची आई खाली चालली होती आणि त्या माणसाला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

मावशीनं दोरी सोडली ती कशी सांगू. बाकीचे हिसके देत होते. तिच्या हातातून ती एकसारखी जात होती, इंचाइंचानं, कापड उतरवावं तशी. ओठ हलत होते. पेटी टेकल्यावर सगळ्यांनी आपापली दोरी खाली टाकली. मावशीनं टाकली नाही. बिस्ट थांबला. त्याला घाई नव्हती, भला माणूस. बऱ्याच वेळानं तिनं मूठ उघडली.

हॉलमध्ये आम्ही गेलो नाही. तिलाच नको होतं. दारातून ग्रेमनं रुमालात बांधून काहीतरी दिलं, सँडविच असतील म्हणून मी पिशवीत टाकलं. घरी बघितलं तर पेपरमिंटच्या गोळ्या. नेट्टाच्या पर्समधल्या.

परतीच्या गाडीत ती तिच्या जागी बसली. काच पुसायची राहिली होती. फलाट रिकामा. बाकावरचा माणूस पण उठून गेला होता. गाडी सुटायला वेळ होता, आणि मावशीनं काचेकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. आवाज नाही. नुसते ओठ. भराभर. मध्ये थांबायची, ऐकल्यासारखी, मग परत. एकदा हसली. मी दुसरीकडे बघितलं. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात, आणि मला ऐकू येत नव्हतं तरी तसंच वाटलं.

गाडी हलली. पूल ओलांडल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस तिला?"

"ते तिला म्हणाले," ती म्हणाली. "तुला नाही."

पुढं ती गुरुवारी जायची थांबली. मला वाटलं होतं रडेल-बिडेल. नाही. खिडकीशी बसायची, आणि मी ब्रायडी घेऊन गेले की म्हणायची, "आलीस का, तोंडाळ." ओठांवर बोलायला तिला आता कुणीच उरलं नव्हतं. मी एकदा म्हणाले, मला शिकव. ती म्हणाली, "त्याला माग लागतो, पोरी. आवाज असल्याशिवाय गप्प बोलता येत नाही."

उन्हाळ्यात तिनं चहा कपाऐवजी स्वतःच्या हातावर ओतला. भाजलं. मी तिला बळंच डोळ्यांच्या दवाखान्यात नेली. ती आत नको-नको म्हणत होती, मग खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईनं बराच वेळ तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाली, कडेचं दिसतं हिला, मधलं गेलंय. माणूस उभा आहे हे कळेल, चेहरा कळणार नाही. म्हणून ती तिरकं बघते. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दोन वर्षं तरी झाली असतील, जास्तच.

"आणि ओठ?" मी विचारलं. "काचेपलीकडचे? गाडीच्या?"

"ओठ? छे. हातभर अंतरावरचे पण नाहीत."

नेट्टाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.